गाळाच्या खेपा आणि जुन्या मालमोटारीचे तापणारे पाणी

चैत्र सरत आला की पाझर तलावांचे तळ उघडे पडू लागतात आणि गावोगाव गाळ उचलण्याची घाई सुरू होते. १९७२ च्या दुष्काळात मजुरांच्या हातांस काम मिळावे म्हणून जे तलाव बांधले गेले, त्यांपैकी बरेच आता गाळाने उथळ झालेले आहेत. २०१७ साली महाराष्ट्र सरकारने ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना सुरू केल्यापासून ह्या कामास पुष्कळ चालना मिळाली. गाळ खोदणारे यंत्र तलावावर येते. तो शेतापर्यंत वाहून नेण्याची तजवीज मात्र शेतकऱ्यासच पाहावी लागते. जवळच्या शेतास ट्रॅक्टरची ट्रॉली पुरते. चारसहा किलोमीटर दूरच्या शेतास मालमोटार असल्यास काम झपाट्याने होते, आणि पुष्कळ कास्तकारांच्या दारी अशी एखादी जुनी मोटार उभी असतेही.

अनुभव असा येतो की, वर्षभर बाजाराच्या गावी विनातक्रार जाऊन येणारी तीच मोटार तलावाच्या तळातून तिसऱ्या-चौथ्या खेपेस वर चढताना काटा तांबड्या खुणेवर नेते, तोंडातून वाफ सोडते आणि भर वाटेत उभी राहते. मागे ट्रॉल्यांची रांग लागते. खोदणारे यंत्र तासाच्या हिशोबाने चालत असल्याने ते कोणासाठी थांबत नाही. आपली पाळी गेली म्हणजे ते दुसऱ्याच्या वाहनात गाळ भरू लागते, आणि गावाचे काम आटोपले की पुढल्या गावास निघून जाते. रोहिणीचा पाऊस झाला म्हणजे तलावात उतरण्याची वाट बंद होते व एक वर्ष जाते. सबब मोटारीची ही तपासणी तलावात उतरण्यापूर्वी आठपंधरा दिवस आपल्या अंगणातच व्हावयास पाहिजे. ती कशी करावी, हे सांगण्याचा ह्या लेखाचा हेतू आहे.

प्रथम सर्वसाधारण समजुतीविषयी दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. मोटार तापली की आपले लोक उन्हास दोष देतात. ऊन दरसाल पडते, आणि निर्दोष मोटारी त्याच उन्हात त्याच चढणीने जातात. खरी गोष्ट अशी की, दोष आधीपासून मोटारीतच असतो; डांबरी सडकेवर समोरून येणारा वारा आणि बेताचे ओझे ह्यांमुळे तो झाकून राहतो, आणि तलावाच्या तळात तो उघडा पडतो. हे का घडते ते समजून घेतल्यास दोष शोधणे पुष्कळ सोपे जाते.

डिझेल जळून जी उष्णता उत्पन्न होते, तिचा सुमारे तिसरा हिस्सा यंत्र फिरविण्याच्या कामी येतो. जवळजवळ तितकाच धुराबरोबर निघून जातो. राहिलेल्या उष्णतेचा बहुतेक भाग इंजिनाच्या अंगात शिरतो, आणि तो पाण्याने उचलून बाहेर टाकावा लागतो. एक लिटर डिझेल जळाले असता ह्या वाटेने पाण्यात येणारी उष्णता सुमारे तीस लिटर पाणी उकळावयास पुरेल एवढी असते. म्हणजे घरातला स्नानाचा बंब एकदा पुरता तापवावा, इतकी. भरलेली मोटार चढणीवर खालच्या गिअरात डिझेल भराभर जाळीत असते, आणि रेडिएटर व इंजिन मिळून आत पाणी काय ते एक-दीड घागर! विहिरीवरच्या इंजिनास ही अडचण पुष्कळदा नसते. तेथे उपशाच्या पाण्यातूनच एक बारीक नळी इंजिनाकडे वळविलेली असते. थंड पाणी सतत आत येते आणि ऊन झालेले पाटात वाहून जाते. मोटारीस तेच पाणी पुनःपुन्हा वापरावे लागते, आणि प्रत्येक फेऱ्यात त्याची उष्णता रेडिएटरच्या जाळीतून वाऱ्याच्या हवाली करावी लागते.

ही उष्णता किती निघून जाईल हे पाणी आणि बाहेरची हवा ह्यांच्या तापमानांतील अंतरावर अवलंबून असते. पौषात दुपारी हवा २५ अंशांवर असता आणि पाणी ९५ अंशांवर असता हे अंतर ७० अंशांचे होते. वैशाखात मराठवाड्यात किंवा विदर्भात हवा ४३ अंशांवर गेली की अंतर ५२ अंशांचे राहते. म्हणजे तोच रेडिएटर, तोच पंखा, पण उष्णता टाकण्याची शक्ती पाऊण हिश्श्यावर येते. त्यात मोटार बैलगाडीच्या चालीने चाललेली, म्हणून समोरचा वारा नाही. सगळी भिस्त पंख्यावर. आणि ओझे तर पुरेपूर. ज्या रेडिएटराच्या चौथा हिस्सा नळ्या बुजलेल्या आहेत, तो सडकेवर कसाबसा निभावून नेतो. येथे त्याचा निभाव लागत नाही.

आता तपासणीकडे वळू. मिस्त्रीकडे मोटार नेली असता तो बहुधा एकदम रेडिएटर काढावयास किंवा हेड उघडावयास सांगतो. त्यापूर्वी ज्या गोष्टी फुकटात अथवा अल्प खर्चात पाहता येतात त्या मालकाने स्वतः पाहाव्या, आणि क्रमाने पाहाव्या.

पहिला प्रश्न असा की, पाणी कमी होते काय? ह्याकरिता एक लहान वही मोटारीतच ठेवावी. सकाळी इंजिन थंड असता झाकण काढून पाणी ठरलेल्या खुणेपर्यंत भरावे आणि किती भरावे लागले ते तारखेसह लिहावे. महसुली दप्तरात आयुष्य गेलेल्या माणसास वहीचे वेड असते असे कोणी म्हणेल. परंतु चालक बदलतात, आठवणी चुकतात, वही चुकत नाही. आठवडाभर पाणी मुळीच न घटता काटा वर जात असेल, तर दोष उष्णता बाहेर टाकण्यात आहे. पाणी रोज घटत असेल, तर ते कोठून जाते हे आधी शोधावे.

गळती शोधण्यास रात्रभर मोटारीखाली स्वच्छ पुठ्ठे अंथरून ठेवावे. होज पाइपांचे सांधे, खालचे निचऱ्याचे तोंड आणि पाण्याचा पंप ही नेहमीची ठिकाणे होत. पाणी वाळून पांढरट किंवा हिरवट पापुद्रा बसलेला दिसला की तेथे गळती आहे असे जाणावे. पंपाच्या पोटाखाली एक बारीक भोक असते. ते कारखान्यानेच मुद्दाम ठेवलेले असून तेथून थेंब पडू लागणे म्हणजे आतले सील झिजल्याची वर्दी असते. हे भोक लांबी भरून बुजविणारे लोक मी पाहिले आहेत. त्याने गळती थांबलेली दिसते, परंतु पाणी बेअरिंगात शिरते आणि पंप एखाद्या आडवाटेला अडकून बसतो. तसेच रेडिएटर गळू लागला की आत हळद टाकण्याचा उपाय आपल्याकडे सर्वतोमुखी आहे. वाटेत अडलेल्यास घर गाठण्यापुरता तो उपयोगी पडतो, हे नाकारता येत नाही. पण जी हळद भोक बुजविते तीच बारीक नळ्याही बुजविते. घरी आल्यावर रेडिएटर झाळून घेऊन आतले सर्व धुऊन काढावे.

ह्यानंतर जाळीकडे पाहावे. जाळीच्या पुढल्या बाजूस फुलपाखरे, कुसळे, उसाचे पाचट आणि कापसाचे तंतू अडकलेले असतात. मागल्या बाजूस इंजिनाचे तेल उडून त्यावर धूळ बसते व लिंपल्यासारखा थर होतो. इंजिन थंड असता जाळीमागे दिवा धरून पुढून पाहावे. उजेड जेथे दिसत नाही तेथून वाराही जात नाही. तेलाचा थर असल्यास साबणाचे कोमट पाणी लावून तासभर भिजू द्यावा, आणि मग साध्या नळीने, इंजिनाच्या बाजूने पुढल्या बाजूकडे, पाणी सोडावे; पुढून मारल्यास घाण आणखी आत रुतते. मोटारी धुण्याच्या दुकानातील जोराचा फवारा जवळून मारू नये. त्याने पातळ पत्रे आडवे पडतात आणि वाट कायमची बंद होते. पडलेले पत्रे लाकडाच्या चपट्या काडीने हलके उभे करता येतात. पुढल्या बाजूस हौसेने लावलेल्या पाट्या, जादा दिवे व ताडपत्रीचे पडदे असतील ते निदान गाळाच्या दिवसांत उतरवून ठेवावे. दैवताचे चित्र काचेच्या आत लावले तरी चालते.

पंख्याचा पट्टा सैल असेल तर इंजिन पळते पण पंखा आणि पंप पळत नाहीत. दोन चाकांमधील पट्ट्याच्या मध्यावर अंगठ्याने दाबले असता तो सुमारे अर्धा इंच दबावा. अधिक दबल्यास आवळावा, मुळीच न दबल्यास थोडा सैल करावा, कारण फार आवळलेला पट्टा पंपाचे बेअरिंग खातो. पट्ट्याच्या कडा चकचकीत झाल्या असतील किंवा आत भेगा असतील तर नवा घालावा, आणि जुना चालण्याजोगा असल्यास तो मोटारीत सोबत ठेवावा.

पंख्याभोवती पत्र्याचा एक वेढा असतो. जुन्या मोटारींत तो पुष्कळदा नसतोच; कधीतरी इंजिनाचे काम करताना काढलेला, आणि परत बसविण्याचा कंटाळा केलेला. हा वेढा शोभेचा नव्हे. तो नसल्यास पंखा जाळीतून वारा ओढण्याऐवजी बाजूच्या मोकळ्या जागेतून इंजिनाचाच ऊन वारा पुनःपुन्हा ओढतो. वेगाने जाणाऱ्या मोटारीत ह्याची उणीव भासत नाही, कारण समोरचा वारा आपोआप आत शिरतो; पाय चालीने चढणाऱ्या मोटारीत भासते. गावातल्या लोहाराकडूनही तो पत्रा करवून घेता येतो. फक्त पात्यांची टोके त्यास घासणार नाहीत इतके अंतर सर्व बाजूंनी सारखे राखावे.

रेडिएटरच्या झाकणाविषयी लोकांत फार बेफिकिरी आढळते. समुद्रकाठी पाणी १०० अंशांस उकळते, आणि आपल्या देशावर ६०० मीटर उंचीच्या गावी ते ९८ अंशांच्या सुमारास उकळते. झाकणात स्प्रिंग असते ती आतली वाफ कोंडून दाब राखते. हा दाब अर्ध्या वातावरणाइतका असला, तर पाणी ११० अंशांपर्यंत उकळत नाही. प्रेशर कुकरात डाळ शिजते तोच हा प्रकार. झाकणाचे रबर वाळले, स्प्रिंग मेली, किंवा कोणी साधेच झाकण बसविले, तर ही सारी सवलत बुडते आणि निर्दोष रेडिएटरही चढणीवर पाणी ओकतो. नवे झाकण घेताना जुन्यावर किंवा कारखान्याच्या पुस्तकात जो दाबाचा आकडा असेल तोच घ्यावा. जास्त आकड्याचे झाकण घातल्यास जुन्या रेडिएटराचे डाखकाम सुटते. झाकणात दुसरी एक बारीक उलटी झडप असते. इंजिन निवल्यावर ती बाहेरची हवा किंवा बाटलीतले पाणी आत घेते. ती चिकटली असल्यास सकाळी वरचा होज चेपलेला आढळतो. खालच्या होजचे दुखणे निराळे. इंजिन जोरात असता पंप तेथून पाणी ओढतो आणि नरम झालेला होज आत चिकटतो. उभ्या मोटारीत तो चांगला दिसतो. म्हणून एकाने इंजिनाचा वेग वाढवावा आणि दुसऱ्याने पंख्यापासून दूर राहून त्या होजकडे पाहावे. ज्या मोटारींत त्याच्या आत तारेची स्प्रिंग असते, तेथे ती गंजून गेली नाही ना, हे नवा होज घालताना अवश्य पाहावे.

आता थर्मोस्टॅटचा विषय येतो, आणि येथे थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे. कारण ह्या एका लहान वस्तूविषयी जितका गैरसमज आहे तितका इतर कशाविषयीही नाही. इंजिनातून रेडिएटराकडे जाणाऱ्या वाटेवर ही मेणाची डबी असते. पाणी थंड असते तोवर ती वाट बंद ठेवते. पाणी तिच्यावर छापलेल्या आकड्याइतके, बहुधा ८० अंशांच्या आसपास, तापले की आतले मेण फुगून दार उघडू लागते, आणि आणखी दहापंधरा अंशांनी ते पुरते उघडते. मोटार तापू लागली की आपल्याकडील पुष्कळ मिस्त्री ही डबी काढून फेकून देतात आणि ‘वाट मोकळी केली’ असे सांगतात. डबी अडकून बसली असेल तर ह्या उपायाने तात्पुरता गुण येतो, आणि म्हणूनच ही प्रथा टिकली आहे.

परंतु पुष्कळ इंजिनांत ह्या डबीकडे दोन कामे असतात. रेडिएटराची वाट उघडताना ती त्याच वेळी दुसरी एक आखूड वाट बंद करते. ही आखूड वाट म्हणजे थंड इंजिनात पाणी रेडिएटराकडे न जाता आतल्या आत फिरावे म्हणून ठेवलेली असते. डबीच काढून टाकली, तर आखूड वाट सदैव उघडी राहते, आणि ऊन पाण्याचा एक हिस्सा रेडिएटर न पाहताच पुन्हा इंजिनात शिरतो. पाटाला दांड फुटावा आणि पाणी पिकापर्यंत न जाता परत विहिरीत पडावे, तशी ही गत होय. चढणीवर नेमका हाच हिस्सा महागात पडतो. उलट हिवाळ्यात सडकेवर तेच इंजिन पुरेसे तापतच नाही. डिझेल पुरते जळत नाही, त्याचा अंश सिलिंडरच्या भिंतीवरील तेल धुऊन टाकतो आणि झीज वाढते. डबी काढल्याने पाणी फार जोराने पळते व त्यास निवावयास उसंत मिळत नाही, असेही एक कारण सांगितले जाते. ते मात्र बरोबर नाही. पाणी जितके अधिक फिरेल तितकी उष्णता अधिकच बाहेर पडते. दोष वेगाचा नसून चुकलेल्या वाटेचा आहे.

तेव्हा डबी काढावी ती फेकण्याकरिता नव्हे, परीक्षेकरिता. पातेल्यात पाणी घेऊन ती दोऱ्याने अशी टांगावी की तळास लागणार नाही, आणि शेजारी तापमापक धरावा. छापलेल्या आकड्याच्या आसपास ती उघडू लागली आणि पाणी उकळण्यापूर्वी पुरती उघडली, तर ती निर्दोष समजून नव्या गॅस्केटासह पूर्वीच्याच दिशेने बसवावी. उशिरा किंवा अर्धवट उघडली तर त्याच आकड्याची नवी आणावी. हे पातेले पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नये.

इथवर सर्व ठीक असूनही काटा चढत असेल, तर दोष आतल्या क्षाराचा आहे असा संशय घ्यावा. आपल्या काळ्या दगडातल्या विहिरींचे पाणी पुष्कळ ठिकाणी जड असते. बंबाच्या आत काही वर्षांत जो पांढरा थर बसतो, तोच थर इंजिनाच्या पाणघरात आणि रेडिएटराच्या नळ्यांत बसतो. आणि त्यातून उष्णता लोखंडाच्या मानाने फार सावकाश जाते. शिवाय ओतीव लोखंडाचा गंज गळून पाणघराच्या तळाशी साचतो. ह्याची एक साधी खूण आहे. इंजिनाच्या बाजूस खाली निचऱ्याचा बोल्ट असतो. तो थंड इंजिनात काढावा. पाणी आले नाही आणि तारेने कोचल्यावर तांबडा चिखल येऊ लागला, तर आत काय साचले आहे ते समजले. मागल्या सिलिंडराभोवती तर हा चिखल अधिकच असतो.

रेडिएटराची परीक्षा अशी : मोटार चालवून तापवावी, इंजिन बंद करावे आणि तळहाताने जाळी निरनिराळ्या ठिकाणी जपून चाचपावी. वरून खाली ऊब हळूहळू कमी होत जाणे स्वाभाविक आहे. परंतु मध्येच एखादा पट्टा थंड लागला तर तेथील नळ्या बुजल्या आहेत. लांबून तापमान दाखविणारे यंत्र मिळाल्यास हे काम अधिक नेमके होते. मात्र कोरोनाच्या साथीत, २०२० साली, दारोदार कपाळाशी धरीत ते येथे चालत नाही. ते माणसाच्या तापापलीकडे वाचत नाही. त्याकरिता कारखान्यांत वापरतात ते यंत्र घ्यावे.

थोडा थर असल्यास धुण्याचा सोडा उपयोगी पडतो. दोन मुठी सोडा ऊन पाण्यात विरघळवून आत भरावा, अर्धा तास इंजिन चालू ठेवावे, निवल्यावर सर्व पाणी सोडून द्यावे, आणि मग स्वच्छ पाण्याने दोनतीन वेळा धुवावे. धुताना पाणी नेहमीच्या उलट, म्हणजे रेडिएटरात खालून वर, सोडल्यास गाळ चांगला सुटतो. हा उपाय तांब्यापितळेच्या रेडिएटराचा आणि ओतीव लोखंडाच्या हेडाचा आहे. जेथे ॲल्युमिनियम आहे तेथे सोडा घालू नये, तो ती धातू खातो. तेथे दुकानातील तयार औषध वापरावे. नळ्या पक्क्या बुजल्या असतील तर तांब्यापितळेच्या रेडिएटराचे वरचे व खालचे डबे उतरवून नळ्यांत पातळ पट्टी घालून त्या साफ करता येतात. १९५४ साली टाटांनी जर्मनीच्या डायमलर-बेंझ कंपनीच्या सहकार्याने मालमोटारी बांधावयास आरंभ केला. तेव्हापासून अशा रेडिएटरांवर हात बसलेले कारागीर तालुक्याच्या गावी आहेत. प्लॅस्टिकच्या डब्यांच्या नव्या रेडिएटरांस मात्र हा उपाय लागू पडत नाही. ते बदलावेच लागतात.

एवढे करून विहिरीचे पाणी पुन्हा भरणे म्हणजे केलेले श्रम वाया घालविणे होय. बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी, किंवा स्वच्छ भांड्यात धरून ठेवलेले पावसाचे पाणी घ्यावे, आणि त्यात डब्यावर लिहिलेल्या प्रमाणाने कूलंट मिसळावे. आपल्याकडे पाणी गोठण्याचे भय नाही, म्हणून कूलंट कशाला, असे पुष्कळजण विचारतात. त्याचे येथील मुख्य काम गंज रोखणे हे आहे. शिवाय निम्मे पाणी व निम्मे कूलंट असे मिश्रण उघड्या भांड्यातही १०७ अंशांच्या सुमारास उकळते.

येथे एक गोष्ट प्रत्येक गोठेवाल्याने ध्यानात ठेवावी. नेहमीच्या कूलंटातील इथिलीन ग्लायकॉल चवीस गोड असून ते जहाल विष आहे. मोटारीतून काढलेले हे पाणी अंगणातल्या घमेल्यात उघडे ठेवले आणि वासराने किंवा कुत्र्याने त्यास तोंड लावले, तर मूत्रपिंडे निकामी होऊन जनावर दगावते. मुलांच्या बाबतीतही तेच. काढलेले पाणी झाकणाच्या डब्यात भरून गॅरेजवाल्याकडे द्यावे. पाटात, विहिरीजवळ किंवा उकिरड्यावर ओतू नये, आणि सांडलेले तत्काळ भरपूर पाण्याने धुवावे.

सर्वांत खर्चाचा दोष म्हणजे हेड गॅस्केट फुटणे. त्याची परीक्षा थंड इंजिनात करावी. रेडिएटर तोंडापर्यंत भरून झाकण उघडे ठेवावे, पाण्याच्या पंपाचा पट्टा उतरवावा, आणि इंजिन सुरू करून फार तर एक मिनिट पाण्याकडे पाहावे. पंप बंद असल्याने पाणी स्थिर असते. तशातही बुडबुड्यांची धार लागली, तर सिलिंडरातील वायू पाण्यात शिरत आहे. तेलाच्या काडीवर ताकासारखा रंग येणे किंवा रेडिएटरात तेलाचा तवंग दिसणे हीही वाईट लक्षणे होत. ही लक्षणे असता मोटार तलावात नेण्याचा विचार सोडून द्यावा आणि हेड उघडून ते सपाट आहे की वाकले, त्यास तडा आहे काय, हे प्रथम पाहून घ्यावे.

ह्यांशिवाय काही कारणे पाण्याच्या बाहेरची आहेत. चाकास ब्रेक घासत असणे, क्लच घसरणे, हवेची चाळणी धुळीने भरणे, डिझेल सुटण्याची वेळ चुकणे, ह्या सर्वांनी इंजिनास जादा कष्ट पडतात. ओढ वाढावी म्हणून डिझेल पंप ‘वाढवून’ घेण्याची खोड चालकांत फार. चढावर काळा धूर निघतो तो ह्याच ताकदीचा. तिच्याबरोबर उष्णताही वाढते हे कोणी सांगत नाही. पंप कारखान्याच्या मापावर आणून घ्यावा.

दुरुस्ती झाल्यावर रिकाम्या मोटारीची फेरी घेऊन समाधान मानू नये. निम्मे ओझे घालून, भर दुपारी, गावाजवळच्या एखाद्या चढणीवर खालच्या गिअरात पंधरावीस मिनिटे तिला चालवावे. काटा वर जाऊन एका ठिकाणी स्थिर राहिला तर ठीक. मिनिटामिनिटास चढतच राहिला तर काही तरी शोधावयाचे राहिले आहे. अंगणाजवळ हे कळणे बरे.

तलावातील चालविण्याविषयी थोडक्यात लिहितो. ओल्या गाळाचे वजन घनमीटरास दीड टनाच्या पुढे भरते, तेव्हा हौद शिगोशीग भरू देऊ नये. पहाटेपासून दहापर्यंत आणि पुन्हा चारनंतर अशा खेपा ठेवाव्या. चढणीस लागण्यापूर्वीच खालचा गिअर घालावा. वरच्या गिअरात इंजिन रखडत ओढू लागले की पंखा व पंप मंद होतात आणि नेमकी त्याच वेळी उष्णता जास्त असते. चाके रुतली असता इंजिन बडवीत बसू नये. चाकांखाली कडबा, पोती किंवा बाभळीच्या फांद्या घालाव्या. वाटेत डबके असेल तर पंखा पाण्यात बुडेल इतक्या खोल पाण्यात शिरू नये, कारण पाण्यात पाती पुढे वाकून जाळीस कापतात. गाळ भरला जात असता मोटारीचे तोंड वाऱ्याकडे करावे. चढण चढून आल्याबरोबर इंजिन बंद करू नये. दोनतीन मिनिटे सावकाश चालू ठेवल्याने अंगात साठलेली उष्णता निघून जाते.

काटा तांबड्या खुणेकडे निघाला तर थांबून, गिअर काढून, इंजिन किंचित वेगाने चालू ठेवावे. बहुधा तो खाली येतो. पाणी बाहेर पडत असेल तर मात्र ताबडतोब बंद करावे. चढलेला काटा वाफ दिसत असता एकाएकी खाली आला, तर त्यास भुलू नये. काट्याची कळ पाण्यात बुडालेली असते; पाणी तिच्याखाली गेले म्हणजे तिला ताप लागत नाही, आणि इंजिन जळत असता काटा थंड दाखवितो.

उकळत्या रेडिएटराचे झाकण कोणीही, कितीही घाई असली तरी, उघडू नये. दाब सुटताच आतले पाणी एकदम वाफ होऊन उसळते आणि तोंड, छाती, हात भाजून निघतात. निदान अर्धा तास थांबावे, होज दाबून पाहावा, तो नरम लागला म्हणजे ओले पोते घालून, तोंड बाजूला ठेवून, झाकण पहिल्या खाचेपर्यंतच फिरवावे आणि वाफ जाऊ द्यावी. तापलेल्या इंजिनात थंड पाणी एकदम ओतल्यास हेडास तडा जातो. निवाल्यावर इंजिन सुरू करून थोडेथोडे ओतावे. ह्या प्रसंगासाठी दोन कॅन भरून मोटारीतच ठेवावे; तलावात पाणी दिसते, पण ते गाळाचे असते.

पाऊस पडून खेपा थांबल्या म्हणजे मोटार छपरात लावण्यापूर्वी जाळी धुवावी, आणि वाटेत अडचणीच्या वेळी विहिरीचे पाणी भरले असेल तर ते काढून मिश्रण नवे भरावे. पट्टा सैल करून ठेवावा, आणि महिन्यातून एकदा तो आवळून दहापंधरा मिनिटे इंजिन चालवावे, म्हणजे पंपाचे सील वाळून चिकटत नाही.